चार मजल्यांची एकच ओळ

ही गोष्ट वरळीच्या बीडीडी चाळीतली, तिथे टॉवर उभे राहायच्या आधीची. आता त्या आवारात चाळीस मजली इमारती उठल्या आहेत आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात नव्या घरांच्या चाव्याही पडल्या. पण तेव्हा चाळ चाळच होती. तळमजला आणि वर तीन मजले. मधून लांबच लांब पॅसेज, दहा खोल्या एका हाताला, दहा दुसऱ्या हाताला. मजल्यावर २०, इमारतीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात मोरी, ओटा, पोटमाळा, देव्हारा आणि घरातली सगळी माणसं.

त्यातल्या एका इमारतीत पाण्यावरून भांडण लागलं होतं. गच्चीवरच्या टाकीतून उभे पाइप खाली उतरत. शेजारशेजारच्या दोन खोल्यांना मिळून एक पाइप. पहाटे चावी फिरली की तासभर पाणी. तेवढ्या वेळात पिंप, हंडे, कळशा, बादल्या सगळं भरून घ्यायचं. तिसरा मजला म्हणायचा, खालचे लोक नळ मोकळे सोडून बसतात, म्हणून आमच्याकडे धार येत नाही. तळमजला म्हणायचा, आम्ही आमच्या नळाचं पाणी भरतो, तुमच्या घरात शिरून भरत नाही. पहिला आणि दुसरा मजला ज्याची बाजू घेतील त्याच्या विरुद्ध मजल्याशी वाकडे होत. बोलणं बंद झालं, मग मुलांचं खेळणं बंद झालं. शेवटी गणपतीच्या तोंडावर तिसऱ्या मजल्याने मंडळाची वर्गणी अडवून धरली.

मंडळाचा हिशेब एक म्हातारा ठेवायचा. सगळी इमारत त्याला तात्या म्हणायची. ऐन उमेदीत तात्या गिरणीत साचाखात्यात होते. १९८२ चा संप झाला आणि गिरणी सुटली ती कायमची. तेव्हापासून त्यांनी पडेल ते काम केलं, पण मंडळाची वही हातची सोडली नाही. ८० खोल्या, ८० पानं. कुणी किती दिले, कुणाचे राहिले, कुणाच्या घरी त्या वर्षी मयत झाली म्हणून मागितले नाहीत, सगळं त्या त्या पानावर.

दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहायची. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवत होते आणि नुकताच मॅट्रिक्सचा भाग सुरू झाला होता. आडव्या ओळी, उभे स्तंभ, प्रत्येक चौकटीत एक आकडा. वर्गात फळ्यावरचे आकडे उतरवताना तिच्या मनात आपली चाळ आली. ती तात्यांकडे गेली.

"तात्या, आपल्या इमारतीचा तक्ता करूया का? चार मजले म्हणजे चार ओळी. वीस खोल्या म्हणजे वीस स्तंभ. एकेका खोलीला बादली भरायला किती वेळ लागतो तो आकडा तिच्या चौकटीत. मग कोणाला किती पाणी येतं ते सगळ्यांना दिसेल."

"आणि भांडण?"

"आकडे समोर असले की भांडायचं कशावर?"

तात्यांनी यावर काही उत्तर दिलं नाही. कपाटातून चार कोऱ्या वह्या काढून दिल्या.

रविवारची पहाट ठरली. मजल्यामागे एक मूल, हातात वही, मोबाइलवर घड्याळ आणि १० लिटरची बादली. चारही बादल्या एकाच दुकानातून, एकाच मापाच्या आणल्या होत्या. नळ पूर्ण उघडायचा, बादली काठोकाठ भरली की घड्याळ थांबवायचं, सेकंद लिहायचे, पाणी त्याच घरच्या पिंपात ओतायचं आणि पुढच्या दाराशी जायचं. मुलं कामाला लागली. लोकांनीही दारं उघडी ठेवली, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच म्हणणं खरं ठरणार.

तळमजल्यावर एक शाळकरी मुलगा होता. १४ नंबरला एक आजी एकट्या राहत. त्याने मोरीत बादली लावली. आजींनी त्याला बसायला पाट दिला. कितवीत आहेस विचारलं. आईचा गुडघा कसा आहे विचारलं. डबा उघडून चिक्कीचा तुकडा हातावर ठेवला. बादली अजून भरत होती.

"आजी, तुमच्याकडे पाणी कमी येतं का?"

"येतं की रे. एकटीला कितीसं लागतं?"

घड्याळात ६१ झाले तेव्हा बादली काठाला आली. मुलाने ६१ लिहिले, चिक्की तोंडात टाकली आणि १५ नंबरच्या दाराशी गेला. तिथे बादली २० सेकंदांत भरली.

दुपारी मुलगी चारही वह्या घेऊन बसली. पायथॉनची मोजणी शून्यापासून सुरू होते, हे कॉलेजात तिला अवघड गेलं होतं. इथे ते आपोआप जमलं. तळमजला शून्य, त्याच्यावरचा पहिला, मग दुसरा, तिसरा. खोल्यांचं तेवढं ध्यानात ठेवायचं होतं: एक नंबरची खोली शून्याच्या जागी, १४ नंबरची १३ च्या जागी.

आधी रिकामा तक्ता हवा होता. ८० शून्यं कोण लिहीत बसणार? तिने एक शून्य कंसात घातलं आणि २० ने गुणलं. वीस शून्यांची ओळ झाली. त्या ओळीला आणखी एक कंस घातला आणि ४ ने गुणलं. चार ओळी झाल्या. एका ओळीत काम झालं म्हणून तिला बरं वाटलं. मग तळमजल्यापासून सुरुवात करून एकेका खोलीचा आकडा तिने आपापल्या चौकटीत भरला. तिसऱ्या मजल्याची २० नंबरची खोली शेवटची.

रात्री तळमजल्याच्या पॅसेजमध्ये मीटिंग भरली. मुलीने लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि चारही मजल्यांची सरासरी काढली. तळमजला ४३ सेकंद. पहिला मजला ४३. दुसरा ४३. तिसरा ४३.

तळमजल्याची माणसं उठून उभी राहिली. "बघा! सगळ्यांना सारखंच पाणी. उगाच आमच्या नावाने ओरड."

तिसऱ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "तुमच्या मशीनला सांगा, एकदा माझा हंडा भरून दाखव."

गोंधळ वाढला. मुलीच्या आईने तिला हाताला धरून वर नेलं. मीटिंग तशीच मोडली.

तात्या थोड्या वेळाने वर आले. त्यांच्या हातात तळमजल्याची वही होती.

"पोरी, ७ नंबरला पोराने १९ लिहिलेत. तुझ्या त्या पडद्यावर काय आहे?"

तिने बघितलं. ३७ होते. तिने तिसऱ्या मजल्याची वही उघडली. तिथल्या ७ नंबरला ३७ होते. मग १४ नंबर बघितला. तळमजल्याच्या वहीत ६१, पडद्यावर ९१. ९१ हा आकडा तिसऱ्या मजल्याचा होता. पडद्यावरच्या चारही ओळींत तिसरा मजलाच बसला होता. बाकीचे तीन मजले भरले होते, पण ते कुठेच नव्हते.

तिने तळमजल्याच्या पहिल्या खोलीत मुद्दाम ९९९ लिहिले. चारही मजल्यांच्या पहिल्या खोलीत ९९९ आले. तिने ते पुसून ५ लिहिले. चारही ठिकाणी ५.

पायथॉनला एखादी वस्तू आतून कुठे ठेवली आहे असं विचारता येतं. तो एक लांबलचक आकडा सांगतो. वस्तू वेगळी असेल तर तो आकडाही वेगळा येतो. मुलीने चारही ओळींचा आकडा विचारला. पडद्यावर एकाखाली एक चार आकडे आले, आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच होते.

"तात्या, हे बघा. मी ओळीला चारने गुणलं तेव्हा त्याने चार ओळी केल्याच नाहीत. ओळ एकच ठेवली आणि तिच्याकडे चार बोटं दाखवली. तळमजला म्हटलं तरी तीच, तिसरा म्हटलं तरी तीच. मी वर लिहिलं की खालचं पुसलं जात होतं."

तात्या खुर्चीवर टेकले. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना पायथॉन कळत नव्हता, पण खोल्यांचा हिशेब कळत होता.

"आपली चाळ कशी झाली ठाऊक आहे ना तुला? बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत बांधली. गिरण्यांना माणसं हवी होती, माणसांना निवारा. एकाच तऱ्हेच्या नकाशावर नुसत्या वरळीत १२१ इमारती उठवल्या. आमचा बाप इथे नवीन होता तेव्हा त्याला आपली इमारत सापडायची नाही, सगळ्या सारख्याच. पण नकाशा एक असला तरी इमारती १२१ बांधल्या, पोरी. सिमेंट वेगळं, माणसं वेगळी. एकच बांधून तिला १२१ नंबर नाही चिकटवले."

मुलीने जुनी ओळ पुसली. या वेळी तिने पायथॉनला सांगितलं, शून्यापासून तीनपर्यंत एकेक मजला घे आणि प्रत्येक वेळी वीस शून्यांची नवी ओळ कर. लिहायला चार शब्द जास्त लागले. मग तिने चारही ओळींचे आकडे विचारले. चार वेगळे आले. तळमजल्याच्या पहिल्या खोलीत ५ लिहिले, ते तिथेच राहिले. रात्री उशिरापर्यंत बसून तिने ८० आकडे पुन्हा भरले. तात्या वहीतून वाचत होते, ती लिहीत होती.

सरासरी आली. तळमजला २४. पहिला ३० च्या जवळ. दुसरा ३६. तिसरा ४३.

मुलगी खट्टू झाली. "म्हणजे तिसरा मजलाच खरा. उद्या हे दाखवलं तर तळमजल्याशी मारामारीच होईल."

"पाणी पॅसेजमधून येतं का गं?"

"नाही. गच्चीवरून येतं."

"मग तू पॅसेजमधून काय बघतेस? ते जसं उतरतं तसं बघ."

मुलगी क्षणभर थांबली. कॉलेजात शिकवलेलं तिला आठवलं. मॅट्रिक्सची सरासरी काढताना कोणत्या अक्षावर काढायची ते सांगावं लागतं. अक्ष १ सांगितला की आडव्या ओळीतल्या वीसही खोल्या एकत्र होतात आणि मजल्यामागे एक आकडा मिळतो. अक्ष ० सांगितला की वरून खाली चार खोल्या एकत्र होतात आणि खोलीच्या नंबरामागे एक आकडा मिळतो. परीक्षेत या दोघांची अदलाबदल करून तिने गुण घालवले होते. आत्ता तिने फक्त १ चा ० केला.

वीस आकडे आले. २८, २९, २८, २८, २९... सगळे एकमेकांना धरून. बारा आकडे असेच गेले. मग ७५. पुन्हा ७५. आणि पुढचे परत २८, २९.

"१३ आणि १४," ती म्हणाली. "चारही मजल्यांवर."

"एकाच पाइपवरच्या खोल्या," तात्या म्हणाले.

मग तिने तळमजल्याची ओळ पुन्हा वाचली. १२ नंबरला २०, १५ नंबरला २०. मध्ये १३ ला आणि १४ ला ६१. ज्या मजल्याला सगळी इमारत पाणीचोर म्हणत होती, त्या मजल्यावर एक आजी पाण्यासाठी तिप्पट वेळ थांबत होती. १३ नंबरची माणसं समोरच्या घरून दोन हंडे मागून आणत होती. दोघांनीही तोंडातून शब्द काढला नव्हता. तळमजल्याला पाणी भरपूर येतं असं सगळेच म्हणत होते, तिथे आमच्याकडे येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मुलीला तेव्हाच सगळ्यांची दारं वाजवावीशी वाटत होती. तात्या म्हणाले, "आधी पाइप बघू. मग माणसांना सांगू."

सकाळी प्लंबर गच्चीवर चढला. टाकीपाशीच त्याने १३-१४ चा पाइप सोडवला. लोखंडी पाइप आतून गंजून भरला होता. पाणी जायला करंगळी शिरेल एवढंच भोक उरलं होतं. त्याने तो तुकडा तात्यांच्या हातात दिला आणि नवा बसवला.

मग मुलीने त्याला तिसऱ्या मजल्याचं विचारलं. प्लंबरने टाकीकडे बोट केलं. "टाकी इथे. तिसरा मजला तिच्या पायाशीच. वर पाण्याची उंची नाही, मग जोर कुठून येणार? तळमजल्याच्या नळावर तीन मजल्यांचं पाणी उभं असतं. खालचे नळ एकदम सुटले की वरची धार आणखी बारीक. यात कुणी चोर नाही बाई, पाणी उतरणीलाच धावतं."

त्या रात्री पुन्हा मीटिंग झाली. मुलीने लॅपटॉप आणला नाही. तात्यांनी पाइपचा तुकडा स्टुलावर ठेवला आणि मुलीने एका कागदावरून चार आकडे वाचले: १४ नंबर, तिसरा मजला ९१, दुसरा ७८, पहिला ७०, तळमजला ६१. तिसऱ्या मजल्यावरची बाई, जिचा हंडा मशीनने भरायचा होता, ती १४ नंबरचीच. ती पाइपकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "तळमजल्याला ६१? म्हणजे आजींकडे?" आणि कोपऱ्यात बसलेल्या आजींकडे वळून म्हणाली, "आजी, एवढे दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

आजी पदर सावरत म्हणाल्या, "तुम्ही सगळे मोठमोठ्याने बोलत होता. त्यात माझं कुठे घालू?"

पुढच्या रविवारी मुलांनी बादल्या घेऊन पुन्हा फेरी केली. आजींच्या मोरीत बादली २२ सेकंदांत भरली.

पहिल्या तक्त्यात आजींचा आकडा नव्हताच, तिथे दुसऱ्याच घराचा आकडा त्यांच्या नावावर होता. दुसऱ्या तक्त्यात तो होता, पण मजल्याच्या सरासरीत बुडाला होता. सगळ्यांचं दुखणं एक आहे हे तिसऱ्या खेपेला कळलं, आणि तेही प्रत्येक घराचं दुखणं आधी वेगळं लिहिलं म्हणून. आपण माणसांना मजल्यांनी, गल्ल्यांनी, जातींनी, गावांनी मोजतो आणि एका ओळीला अनेक नावं देऊन मोकळे होतो. ओळ भरायला दारोदार जावं लागतं. आणि भरल्यावर ती आपल्या सवयीच्या दिशेने वाचून भागत नाही. दुखणं ज्या वाटेने उतरतं त्या वाटेने वाचावी लागते.

त्या दुसऱ्या मीटिंगमध्ये ठरलं ते असं. चावी फिरल्यावर पहिली वीस मिनिटं तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याने भरायचं, मग पहिल्याने, शेवटी तळमजल्याने. टाकीपासूनचे बाकीचे पाइप दिवाळीच्या आत तपासून घ्यायचे आणि खर्च ८० खोल्यांनी सारखा वाटायचा. आजींच्या खोलीचा वाटा तिसऱ्या मजल्याच्या १४ नंबरने आपणहून उचलला. वर्गणी दुसऱ्या दिवशी आली. तात्यांनी ती नेहमीप्रमाणे ज्याच्या त्याच्या पानावर लिहिली, आणि मंडळाचा हिशेब पुढच्या वर्षापासून मुलीने ठेवावा असं सुचवलं. कुणाची हरकत नव्हती. मुलीने एकच अट घातली, वही बंद करायची नाही. लॅपटॉपवरचा आकडा दर महिन्याला वहीशी ताडून बघायचा. तात्यांनी तीही लिहून घेतली.